रक्तगटांचा शोधक : कार्ल लँडस्टायनर

रक्त हे जीवनाचे सार आहे, ही जाणीव मानवाला फार प्राचीन काळापासून आहे. रणांगणावर घायाळ झालेल्या वीराचे रक्त वाहून गेले की त्याचे प्राणही जातात, हे त्याने वारंवार पाहिले होते. म्हणून वाहून गेलेल्या रक्ताच्या जागी दुसऱ्याचे रक्त घालता आले तर मरणारा मनुष्य वाचेल काय, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवला. इ. स. १६२८ मध्ये इंग्लंडमधील विल्यम हार्वे यांनी रक्त शरीरात अखंड फिरत असते हे सप्रमाण सिद्ध केले आणि या प्रश्नाला नवे बळ मिळाले. इ. स. १६६५ मध्ये रिचर्ड लोअर यांनी एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात घालून त्याला वाचविले. दोनच वर्षांनी पॅरिस येथे झाँ देनी यांनी कोकराचे रक्त एका आजारी मुलाला दिले. तो मुलगा वाचला; परंतु पुढे असाच उपचार केलेला एक रोगी मरण पावला, मोठा गहजब झाला आणि फ्रान्समध्ये या प्रयोगांवर बंदी आली. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे या वाटेने कोणी जाण्यास धजले नाही.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जेम्स ब्लंडेल या डॉक्टरांनी तो प्रयत्न पुन्हा आरंभिला. बाळंतपणात अतिरक्तस्रावाने माता डोळ्यांदेखत दगावतात, हे त्यांना पाहवेना. इ. स. १८१८ पासून त्यांनी माणसाचे रक्त माणसाला देण्यास सुरुवात केली. काही रोगी आश्चर्यकारक रीतीने बरे झाले. काहींना मात्र रक्त अंगात शिरताच हुडहुडी भरली, कंबरेत असह्य कळा आल्या, लघवी काळसर झाली आणि थोड्याच वेळात त्यांचा अंत झाला. डॉक्टर तेच, उपकरणे तीच, रक्तही निरोगी माणसाचेच; मग एकाला जीवदान आणि दुसऱ्याला मृत्यू असे का व्हावे? या कोड्याने भल्याभल्यांची मती कुंठित झाली. ते कोडे ज्यांनी सोडविले, ते थोर संशोधक म्हणजे कार्ल लँडस्टायनर होत.

कार्ल यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात, व्हिएन्ना नगराच्या परिसरात झाला. त्यांचे वडील लिओपोल्ड हे नामांकित वृत्तपत्रकार होते. घरात ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. कार्ल अवघा सहा वर्षांचा असताना वडिलांचे छत्र हरपले. तो आईवडिलांचे एकुलते एक अपत्य होता. आई फॅनी हिने धीर न सोडता मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. मायलेकरांचा परस्परांवर अतिशय जीव जडला. मुलगा मोठा शास्त्रज्ञ झाला तरी आईच्या मायेची ऊब त्याला सदैव हवीशी वाटे. तिच्या निधनानंतर तिच्या मुखाचा ठसा त्यांनी आपल्या खोलीतील भिंतीवर आयुष्यभर जपून ठेविला होता.

कार्ल स्वभावाने लाजाळू आणि मितभाषी होते. त्यांना पियानो वाजविण्याचा नाद होता. परंतु चारचौघांत मिरविणे त्यांना कधी रुचले नाही. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि इ. स. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतच, आहाराचा रक्ताच्या घटकांवर कोणता परिणाम होतो याविषयी त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. दवाखाना थाटून सुखाने द्रव्यार्जन करणे त्यांना सहज शक्य होते. पण रोग बरा करण्यापूर्वी तो का होतो हे समजले पाहिजे, आणि ते समजण्यासाठी शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रिया कळल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून डॉक्टर झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन ते वुर्झबुर्ग, म्युनिक आणि झुरिच येथील रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकू लागले. वैद्यकाला रसायनाची जोड देण्याची ही दृष्टीच त्यांच्या पुढील यशाची किल्ली ठरली.

व्हिएन्नाला परतल्यावर त्यांना विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात साहाय्यकाची जागा मिळाली. मृत देहांची तपासणी करून मृत्यूचे कारण शोधणे, हे तेथील मुख्य काम. सुमारे दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. काम कष्टाचे, मनाला उद्विग्न करणारे आणि वेतन तुटपुंजे. तरीही दिवसभराचे हे काम आटोपल्यावर उरलेला प्रत्येक क्षण ते आपल्या काचनळ्यांच्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या सहवासात घालवीत.

रक्त काचनळीत काही वेळ स्थिर ठेविले तर ते दोन भागांत विभागते. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर, पातळ असा रक्तरस उरतो. एका जातीच्या प्राण्याचे रक्त दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या रक्तरसात मिसळले की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, हे त्या काळी ठाऊक होते. माणसामाणसांच्या रक्तातही कधी कधी असे पुंजके दिसत. परंतु तो रोगाचा परिणाम असावा, असा बहुतेकांचा समज होता. लँडस्टायनर यांना ही समजूत पटेना. निरोगी माणसांच्या रक्तातही मुळातच काही भेद असेल काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला.

मोठी उपकरणे वा पुष्कळ द्रव्य त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून त्यांनी जवळ होते तेच वापरले. त्यांनी स्वतःच्या दंडातून थोडे रक्त काढले आणि प्रयोगशाळेतील पाच सहकाऱ्यांकडून तसेच थोडे थोडे रक्त घेतले. सहाही जण धडधाकट होते. प्रत्येकाच्या रक्तातील पेशी आणि रक्तरस त्यांनी वेगवेगळे केले. नंतर प्रत्येकाचा रक्तरस प्रत्येकाच्या पेशींत क्रमाक्रमाने मिसळून पाहिला. सहा रक्तरस आणि सहांच्या पेशी, अशा छत्तीस जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीचे निरीक्षण करून त्यांनी कागदावर एक लहानसा तक्ता आखला आणि जेथे पुंजके झाले तेथे अधिक चिन्ह व जेथे झाले नाहीत तेथे उणे चिन्ह मांडले.

त्या साध्या तक्त्यात निसर्गाचे एक मोठे रहस्य उलगडलेले दिसले. कोणाचाही रक्तरस त्याच्या स्वतःच्या पेशींचे पुंजके करीत नव्हता. इतरांच्या पेशींशी मात्र काही ठिकाणी पुंजके होत, काही ठिकाणी होत नसत. आणि यात एक निश्चित नियम होता. त्या नियमानुसार त्यांनी माणसांचे तीन गट पाडले आणि त्यांना ए, बी व सी अशी नावे दिली. यातील तिसऱ्या गटाला पुढे ओ असे नाव पडले. स्वतः लँडस्टायनर यांचे रक्त याच गटाचे होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा, क्वचित आढळणारा गट सापडला. तो एबी होय.

या भेदाचे कारण असे. ए गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींवर एक विशिष्ट खूण असते, बी गटाच्या पेशींवर दुसरी. एबी गटात दोन्ही खुणा असतात, तर ओ गटात यांपैकी एकही नसते. जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिला विरोध करणारे द्रव्य आपल्या रक्तरसात असते. म्हणून ए गटाच्या रोग्याला बी गटाचे रक्त दिले, तर त्याच्या शरीरातील ते द्रव्य आलेल्या परक्या पेशींवर तुटून पडते. पेशी चिकटतात, फुटतात, त्यांतील तांबडे द्रव्य मूत्रपिंडात जाऊन बसते आणि रोगी प्राणास मुकतो. ब्लंडेल यांचे काही रोगी वाचले आणि काही दगावले, त्याचे गूढ हे होते. ज्यांचे गट योगायोगाने जुळले ते वाचले.

लँडस्टायनर यांनी इ. स. १९०० मध्ये आपल्या एका लेखाच्या तळटीपेत या गोष्टीचा प्रथम उल्लेख केला आणि इ. स. १९०१ मध्ये काही पृष्ठांचा एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. रक्त देताना होणाऱ्या निरनिराळ्या परिणामांचा उलगडा या निरीक्षणांवरून होऊ शकेल, एवढेच त्यांनी शेवटी अत्यंत संयमाने सुचविले. ना त्यांनी गाजावाजा केला, ना मानसन्मानाची अपेक्षा धरली. जगानेही त्या निबंधाकडे फारसे लक्ष दिले नाही. इ. स. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन ऑटेनबर्ग या डॉक्टरांनी देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे रक्त आधी काचनळीत जुळवून पाहण्यास आरंभ केला. पुढे पहिले महायुद्ध पेटले. सोडियम सायट्रेट मिसळले असता रक्त गोठत नाही, हा शोध नुकताच लागला होता. तेव्हा जखमी सैनिकांना रक्त देण्याची निकड भासली आणि लँडस्टायनर यांच्या शोधाचे मोल सर्वांना उमगले.

दरम्यान लँडस्टायनर दुसऱ्या एका शत्रूच्या मागे लागले होते. पोलिओ हा रोग तेव्हा युरोपात हजारो बालकांना पंगू करीत असे. त्याचे कारण कोणालाच माहीत नव्हते. इ. स. १९०८ मध्ये लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी एर्विन पॉपर यांनी पोलिओने मरण पावलेल्या एका बालकाच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा अंश माकडांना टोचला. माकडांना तोच रोग झाला. सूक्ष्मदर्शकातून मात्र एकही जंतू दिसेना. तेव्हा हा रोग संसर्गजन्य असून तो दृष्टीस न पडणाऱ्या, जंतूंहूनही सूक्ष्म अशा विषाणूमुळे होतो, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे इतरांनी शोधलेल्या पोलिओच्या लशींचा पाया या शोधाने घातला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला, त्या यशाच्या मुळाशीही हे संशोधन आहे.

इ. स. १९१६ मध्ये हेलेन व्लास्टो या युवतीशी त्यांचा विवाह झाला आणि पुढील वर्षी त्यांना पुत्रलाभ झाला. परंतु महायुद्धात ऑस्ट्रियाचा पराभव होऊन त्या वैभवशाली साम्राज्याचे तुकडे झाले. व्हिएन्नामध्ये अन्न मिळेना, थंडीत शेकोटीला सरपण मिळेना. प्रयोगशाळा ओस पडल्या. विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाची पदवी दिली होती, पण तीही बिनवेतनी. अखेर इ. स. १९१९ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यानंतर, बायकोमुलासह त्यांनी मायभूमीचा निरोप घेतला आणि हॉलंडमधील हेग येथे एका लहानशा रुग्णालयात नोकरी धरली. रोग्यांचे रक्त व लघवी तपासणे हे तेथील काम. जगाला रक्ताचे रहस्य सांगणारा हा पुरुष एका चिंचोळ्या खोलीत बसून ते निमूटपणे करीत असे. आणि वेळ मिळेल तेव्हा त्याच खोलीत नवे संशोधनही चालवीत असे. त्या अडचणीच्या दिवसांतही त्यांनी अनेक निबंध लिहिले.

इ. स. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. आता उपकरणांची वाण उरली नाही. फिलिप लेव्हाइन यांच्या साह्याने त्यांनी इ. स. १९२७ मध्ये एम, एन आणि पी या नावांची रक्तातील आणखी काही लक्षणे शोधून काढली. इ. स. १९३० मध्ये रक्तगटांच्या शोधाबद्दल त्यांना वैद्यकातील नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शोधाची दखल प्रथम कोणी घेतली नव्हती, त्याचा असा गौरव होण्यास जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. या सन्मानानेही त्यांच्या दिनक्रमात फरक पडला नाही. इ. स. १९३९ मध्ये ते निवृत्त झाले, तरी प्रयोगशाळेत येत राहिले. इ. स. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी ऱ्हीसस घटक जगापुढे मांडला. रक्तगटाच्या नावापुढे आज धन किंवा ऋण असे जे चिन्ह लिहितात, ते याच घटकाचे. माता व गर्भ यांचे रक्त या बाबतीत जुळत नसल्यामुळे कित्येक अर्भके दगावत. त्यांचे प्राण वाचविण्याचा मार्ग या शोधामुळे पुढे खुला झाला.

अखेरच्या काळात त्यांची पत्नी असाध्य रोगाने आजारी होती. पंचाहत्तरीच्या वयातही ते त्या रोगाचा अभ्यास करू लागले. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी, २६ जून रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि रणभूमीवर घायाळ झालेल्या अगणित सैनिकांना त्यांच्याच शोधामुळे जीवदान मिळत होते.

परंतु त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, इ. स. १९४३ मध्ये, डॉक्टरांपुढे एक नवे संकट उभे राहिले. रक्त दिल्यामुळे बरे होऊन घरी गेलेल्या काही रोग्यांना एक ते चार महिन्यांनी कावीळ झाल्याचे पॉल बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी नमूद केले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या हजारो सैनिकांना पीतज्वराची लस टोचल्यानंतर कावीळ झाली होती, आणि त्या लशीत माणसाचा रक्तरस मिसळलेला होता. रक्तगट तर अचूक जुळविलेले होते. मग ही कावीळ कोठून आली? रक्त देणारी माणसे हसतीखेळती आणि निरोगी दिसत होती. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी रक्तात न दिसणारा विषाणू लपलेला होता, आणि त्याची वार्ता खुद्द त्या दात्यालाही नव्हती. चांगल्या भावनेने दिलेले दानच रोगाचे वाहन बनत होते.

पावसाळ्यात दूषित पाणी प्याल्याने होणारी कावीळ कोकणच्या किनाऱ्यावरील लोकांना परिचित आहे. ती बहुधा काही आठवड्यांत बरी होते. रक्तातून पसरणारी कावीळ मात्र वेगळी. तिचे ब व क हे दोन प्रकार मुख्य होत. त्यांचे विषाणू माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतात आणि अखेरीस यकृत निकामी करू शकतात. त्यांचा ठावठिकाणा लावण्यासही लँडस्टायनर यांचीच वाट उपयोगी पडली. बरूक ब्लमबर्ग हे अमेरिकन संशोधक निरनिराळ्या देशांतील लोकांच्या रक्तातील भेद अभ्यासीत होते. ज्यांना अनेक वेळा रक्त दिलेले आहे, अशा रोग्यांचा रक्तरस दूरदूरच्या माणसांच्या रक्तरसाशी मिळवून ते प्रतिक्रिया होते की काय ते पाहत. असे करताना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अपरिचित द्रव्य आढळले. ते द्रव्य कावीळ ब या रोगाच्या विषाणूचाच अंश असल्याचे इ. स. १९६७ च्या सुमारास स्पष्ट झाले. एकाचा रक्तरस दुसऱ्याच्या रक्ताशी मिळवून पाहावा, ही व्हिएन्नातील जुनी युक्तीच येथेही कामी आली होती. ब्लमबर्ग यांना इ. स. १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कावीळ क या रोगाचा विषाणू इ. स. १९८९ मध्ये सापडला. त्यानंतर दात्यांच्या रक्तातील हे दोन्ही विषाणू तपासणीने ओळखता येऊ लागले.

लँडस्टायनर यांचे कार्य महाराष्ट्रातही पुढे चालले. इ. स. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही विलक्षण रक्त आढळले. वरवर पाहता ते ओ गटाचे भासे. पण कोणत्याही ओ गटाच्या रक्ताशी ते जुळेना. ओ गटाच्या पेशींवर असणारी मूळ खूणही त्यात नव्हती. हा जगातील अत्यंत दुर्मिळ गट असून तो आज सर्वत्र मुंबई रक्तगट या नावाने ओळखला जातो. अशा रोग्याला केवळ त्याच गटाच्या दात्याचे रक्त चालते.

आज उरण, अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धन येथे रक्तदान शिबिर भरते, तेव्हा तेथे येणारा कोळी, शेतकरी, शिक्षक वा कारखान्यातील कामगार आपल्या शरीरातील ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त देतो. दाता किमान १८ वर्षांचा आणि ४५ किलोग्रॅमहून कमी वजनाचा नसलेला असावा लागतो. रक्त घेण्यापूर्वी त्याला काही प्रश्न विचारले जातात : पूर्वी कावीळ झाली होती काय, अलीकडे शस्त्रक्रिया झाली काय, अंगावर गोंदवून घेतले काय. त्यानंतर रक्ताच्या प्रत्येक पिशवीचा गट तपासतात आणि कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही, उपदंश व हिवताप यांसाठी चाचण्या करतात. एकही दोष आढळला तर ती पिशवी रोग्याला देत नाहीत, नष्ट करतात. दात्याला ही गोष्ट खाजगीरीत्या कळवून उपचाराचा सल्ला दिला जातो. त्यात त्याला लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. एका पंगतीत जेवल्याने वा हातात हात घेतल्याने ही कावीळ पसरत नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

चाचण्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांनाही मर्यादा आहेत. विषाणू शरीरात शिरल्यानंतर काही काळ तो कोणत्याही चाचणीत सापडत नाही. त्या काळात रोग्याचे रक्षण करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दात्याचे खरे उत्तर. पूर्वी आपल्या देशात पैशासाठी रक्त विकणारी माणसे असत. पोटाची खळगी भरण्यासाठी रक्त विकणारा मनुष्य आपला आजार सांगत नसे. कारण आजार सांगितला तर त्या दिवसाची भाकर बुडे. अशा रक्तातून कावीळ पसरण्याचे भय फार असे. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून भारतात रक्ताच्या विक्रीवर बंदी आली. मोबदल्याची आशा न धरता जो देतो, त्याला काही लपविण्याचे कारण नसते. कावीळ ब हा रोग टाळणारी लसही आता उपलब्ध आहे. इ. स. २०११ पर्यंत आपल्या देशातील सर्व राज्यांत बालकांना ती विनामूल्य देण्यास सुरुवात झाली.

लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, १४ जून, हा इ. स. २००४ पासून जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास रायगडच्या किनाऱ्यावर मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो, मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून वाळूवर ओढून ठेविलेल्या असतात. त्याच दिवसांत ओढ्यानाल्यांना पूर येतात, निसरड्या रस्त्यांवर अपघात होतात, अडलेल्या मातेला रुग्णालयात पोचविण्यास विलंब लागतो. रक्ताची गरज पावसासाठी थांबत नाही.

लँडस्टायनर यांनी धनाचा वा कीर्तीचा ध्यास कधी घेतला नाही. दारिद्र्य, उपेक्षा आणि देशत्याग हे तिन्ही त्यांच्या वाट्याला आले. तरी त्यांनी प्रयोगशाळेतील आपली जागा सोडली नाही. सहा निरोगी माणसांचे थोडेसे रक्त आणि एक लहानसा तक्ता एवढ्यावर त्यांनी जगातील असंख्य माणसांना जीवदान दिले. आज कोणत्याही रुग्णालयात रोग्याच्या उशाशी रक्ताची पिशवी टांगण्यापूर्वी दोन थेंब रक्त काचेवर जुळवून पाहतात. त्या दोन थेंबांत कार्ल लँडस्टायनर यांचे कार्य अजून जिवंत आहे.